माया

शिवणकामात मापाबाहेर जे कापड सोडतात त्याला माया म्हणतात. हा शब्द प्रथम ज्या कुणाला सुचला, त्याला कापडाइतकीच माणसांचीही पारख असावी. वाढत्या अंगाच्या मुलीचे पोलके बेतताना कुशीला दोन बोटे माया आत दुमडून ठेवावी आणि दर दिवाळीला एकेक टीप उसवीत जावे, हे मला सासूबाईंनी सुप्याच्या घरात शिकविले. पुढे काळीवरचे धरण १९८७ साली पुरे झाले, सुपा पाण्याखाली गेले. त्याआधीच आम्ही रामनगरला आलो, तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर पायाचे शिवणयंत्रही आले. त्याला सरळ टीप तेवढी येते. माझे त्यावाचून कधी अडले नव्हते.

अडले ते नातीच्या ड्रेसपाशी. ती चौदा वर्षांची. अकराव्या वर्षापासून तिचा पाठीचा कणा एका अंगाला वळू लागला आहे. उजवा खांदा वर, त्याच बाजूचे पाते पुढे आलेले. बेळगावचे डॉक्टर दर सहा महिन्यांनी फोटो काढून पाहतात. वैद्यकाचे काय ते त्यांच्याकडे, कपड्यांचे माझ्याकडे. तीन वर्षे मी तिला ऐसपैस झगे शिवून दिले, खांद्यावर चुण्या, पाठीवर घोळ. कुणाच्या नजरेस पडू नये, एवढाच हेतू. मला ती मायाच वाटे.

स्नेहसंमेलनातल्या नाचासाठी तिने वडिलांबरोबर जाऊन जांभळट रंगाचे, ताणले जाणारे कापड आणले आणि म्हणाली, "आजी, हा अंगाबरोबर बसला पाहिजे."

हे कापड मी ओळखून होते, पण हाताळले नव्हते. त्यात लायक्राचा धागा असतो. ड्यूपाँ कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५८ साली तो सिद्ध केला. आपल्या लांबीच्या कित्येक पट ताणला जाऊन तो पुन्हा पूर्ववत होतो. शिवाय कापड विणलेले, म्हणजे मागावरचे उभे-आडवे नव्हे, तर बनियनसारखे फासाफासांचे. साधी टोकदार सुई त्यातला फास तोडते आणि तिथून भोक पसरू लागते. त्याला गोल टोकाची सुई लागते, ती धागे बाजूला सारून आत शिरते. (टीप मध्येच सुटू लागली की यंत्राला दोष देण्याआधी सुई बदलावी. हे मला दोन दुपारी वाया घालवल्यावर उमगले.)

कापड रात्रभर जमिनीवर पसरून ठेवले. दुकानात गुंडाळताना ते ताणलेले असते, त्याला आकसू द्यावे लागते. टाचण्या टोचवेनात, म्हणून वरवंटा आणि अडकित्ता ठेवून दाबले. घडी घालून एकदम दोन बाजू कापायची माझी जन्माची सवय, तीही सोडावी लागली, कारण तिच्या दोन बाजू सारख्या नाहीत. उजवीकडे खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीवरून मोजले तर सव्वा इंच अधिक भरले. वर्तमानपत्रावर पाठीचा आकार काढला तो वाकडाच आला. तो कापताना माझी कात्री बराच वेळ उघडीच राहिली.

तरी पहिला बेत मी जुन्याच हिशेबाने केला. छाती तीस इंच, त्यावर दोन इंच सैल, शिवाय माया. कच्चे टाके घालून तिला घालायला दिला, तर ड्रेस ओल्या पोत्यासारखा लोंबला. ती आरशासमोर उभी राहून म्हणाली, "आजी, यात मी कुठे आहे?"

उत्तर न देता मी टाके उसवले. उरलेल्या तुकड्याची चार इंचांवर खूण करून आडवा ताणला, तो सहज सहापर्यंत गेला. असे कापड अंगाहून लहानच बेतायचे असते. उरलेले अंतर ते स्वतः भरून काढते. तीस इंचांच्या छातीला अठ्ठावीस. आयुष्यभर अधिक सोडण्याची सवय असलेल्या हाताला ते दोन इंच कमी कापणे, वाचकांना हसू येईल, पण अपराधासारखे वाटत होते.

शिवण ही पुढची अडचण. सरळ टीप मारून पाहिली. कापड ताणताच दोरा तट्कन तुटला. नागमोडी टीप घालणारे यंत्र आमच्याकडे नाही. म्हणून कुशी आणि मुंढे हातानेच शिवले, पॉलिएस्टरच्या दोऱ्याने, दोरा किंचित सैल ठेवून, उलट्या टाक्यात. त्या टाक्याला थोडी ओढ सोसते. खांदे मात्र ताणले जाऊ नयेत म्हणून आत सुती फीत घालून यंत्रावर मारले, आणि खाली वर्तमानपत्राची पट्टी धरली, नाहीतर शिवणीला लाटा येतात. पट्टी मागाहून फाडून काढायची. पावसाने वीज जाई तेव्हा दाराशी बसून टाके घाली. नऊ दिवस गेले. या कापडाच्या चिंध्या गोधडीलाही चालत नाहीत, हे माझे एक गाऱ्हाणे. दोन धुण्यांत त्या सुरळी होऊन बसतात.

मागच्या बाजूला काय करावे हे मी तिला विचारलेच. म्हटले, ओढणी घेता येईल. ती म्हणाली, "नाचताना ओढणी पायात येते." तेवढेच.

संमेलनाच्या रात्री तिने केसांचा अंबाडा घातला होता. ती प्रथम वळली तेव्हा सारी पाठ दिव्यात होती. मी तिसऱ्या रांगेत. शेजारच्या बाई काहीतरी बोलल्या, ते मला ऐकू आले नाही. मी उजव्या मुंढ्याकडे पाहत होते. हात वर जाई तशी शिवण ताणली जाई आणि पुन्हा जागेवर येई.

घरी आल्यावर तिने हात वर करून दाखविला. काखेत दोन टाके तुटले होते. "दुसऱ्या कडव्यातच गेले गं," ती म्हणाली, "मी थांबले नाही." मी चष्मा आणि दोरा शोधू लागले.