येवल्याच्या पेठेत दोन दिवस

मैत्रिणींनो, "चल, दोघंच जाऊन येऊ कुठंतरी" हे वाक्य तुमच्या घरात शेवटचं कधी ऐकू आलं, ते जरा आठवून पाहा बरं! लग्नानंतरचं माथेरान नाहीतर महाबळेश्वर झालेलं असतं. मग मुलं होतात, आणि त्यानंतरचा प्रवास म्हणजे कुणाचं तरी लग्न, कुणाची मुंज, नाहीतर कुलदैवत. तिथंही आपण बायकांच्या खोलीत आणि हे पुरुषमंडळींत. परत येताना गाडीत काय ती भेट व्हायची!

दोघांनी जायचं म्हणजे लांबच जायला हवं, खर्चच करायला हवा, असं मात्र मुळीच नाही. थंडीचे दोन दिवस, एक रात्र आणि एखाद्या लहान गावाची बाजारपेठ एवढं पुरतं. उन्हाळ्यात दुकानं पालथी घालायचं नुसतं नाव काढलं तरी घाम फुटतो. पौषातल्या थंडीत मात्र पाय थकत नाहीत, चहा दर तासाला गोड लागतो आणि दुपारचं ऊनही अंगाखांद्यावर घ्यावंसं वाटतं. शिवाय मोठ्या शहरात वस्तू नुसती विकायला आलेली असते. लहान गावात ती जिथं विकतात, तिथंच दोन गल्ल्या पलीकडे कुणीतरी ती करत बसलेलं असतं. ही मौज निराळी.

आम्ही गेलो येवल्याला, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. आमचं गाव धुळे. सासूबाईंनी मुलांना सांभाळायचं कबूल केलं, पण "दोघंच? आणि येवल्याला काय काम काढलंत?" असं विचारलंच. काम काहीच नाही, हे सांगायला मलाच थोडं अवघड वाटलं. हे मात्र शांतपणे म्हणाले, "पेठ बघून येतो."

धुळ्याहून येवलं शंभरेक किलोमीटर. वाटेत मालेगाव लागतं, मग मनमाड. मालेगावात एस. टी. थांबली की कान देऊन ऐकावं. यंत्रमागांचं हे गाव. गल्ल्यागल्ल्यांतून मागांची खडखड अखंड चालू असते. मनमाड सोडलं की आभाळात रोवलेल्या अंगठ्यासारखा हडबीच्या शेंडीचा सुळका दिसतो आणि पुढे अंकाई-टंकाईची जोडकिल्ल्यांची रांग. रस्त्यानं लाल कांद्याचे ट्रॅक्टर सारखे सोबत असतात. नाशिक जिल्ह्यातली ही थंडी तुम्ही वर्तमानपत्रात वाचत असालच. इथून जवळच्या निफाडचा पारा उतरला की बातमी होते, आणि द्राक्षबागा वाचवायला शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आम्ही स्वेटर, शाल, मफलर असा जामानिमा घेऊन गेलो होतो आणि तो सगळा लागला.

येवलं म्हटलं की आपल्याला फक्त पैठणी आठवते. पण गाव त्याहून मोठं आहे. १८५७ च्या उठावातले सेनानी तात्या टोपे यांचा जन्म इथला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली तीही येवल्यातच. तिथं आज मुक्तिभूमी हे स्मारक उभं आहे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पतंग! संक्रांतीचे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं, हलकडी नावाचं वाद्य वाजवत पतंग उडवतं. आपण जिला फिरकी म्हणतो, ती इथली आसारी. बांबूच्या काड्यांची, हलकी आणि झरझर फिरणारी.

संक्रांत आठवड्यावर आलेली, त्यामुळे पेठ अशी काही सजली होती की विचारू नका! एका दुकानात हलव्याचे दागिने, शेजारी तिळगुळाच्या राशी, पुढे कुंभाराकडे सुगडांच्या उतरंडी, आणि मग रंगीबेरंगी पतंगांची रांग. एका पतंगवाल्यापाशी हे थांबले ते हलेचनात. आसारी हातात घेऊन उलटीसुलटी फिरवली, दोऱ्याची चौकशी केली. नायलॉनच्या मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा साधा सुती दोराच हवा, हे दुकानदाराच्या आधी ह्यांनीच सांगितलं. मग लहानपणी ज्या गच्चीवरून ते पतंग उडवत, तिचा कठडा कसा मोडका होता आणि आजीनं काठी घेऊन कसं खाली उतरवलं, ते सगळं ऐकलं. बारा वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. आता तुम्हीच सांगा, घरी बसून हे कधी कानावर आलं असतं का?

मग पैठणीची दुकानं. आत गेलं की गादीवर बसवतात, चहा विचारतात आणि एकामागून एक घड्या उलगडत जातात. बांगडीच्या गोलात बसलेला मोर म्हणजे बांगडी-मोर, हिरव्या पोपटांची मुनिया, फुलवेलींची आसावली, काठाला नारळी. अंजिरी, राणी, मोरपंखी, वांगी. आणि उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, त्यामुळे हलवली की रंग पालटणारी धूपछाव. बघता बघता समोर ढीग झाला.

त्या ढिगात दोन पैठण्या अगदी जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या, पण एकीची किंमत दुसरीच्या कितीतरी पट. का? तर एक हातमागाची आणि दुसरी यंत्रमागाची, जिला 'सेमी' म्हणतात. दुकानदारानं आपण होऊन दोन्हींचे पदर उलटे करून दाखवले. हातमागाच्या पैठणीत पदरावरच्या प्रत्येक रंगाला वेगळी लहान कांडी असते. विणकर तेवढ्याच जागेत तो धागा फिरवतो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत आणतो. म्हणून मोर उलटीकडूनही तसाच्या तसा दिसतो. सेमीच्या पाठीमागे मात्र धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. मैत्रिणींनो, ही खूण पक्की लक्षात ठेवा. घाई न करता पदर उलटा करून बघायचा. रेशीम शुद्ध आहे ना, यासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हँडलूम मार्क ही लेबलं पाहायची. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

आता माझी गोष्ट सांगते. माझ्या आईची पैठणी एकच, आणि आम्ही बहिणी तिघी. ती थोरलीकडे गेली, आणि तसंच व्हायला हवं होतं. पण एक पैठणी आपली असावी, असं मनात होतं. एका शाळेत मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. त्या पैशातून तीन वर्षं थोडं थोडं बाजूला ठेवलं होतं. तेवढ्यात सेमी पैठण्या चार आल्या असत्या. चार सणांना चार! हातमागाची घ्यायची तर एकच, तीही साध्या पदराची. मन काही ठरेना. मी दुकानदाराला विचारलं, "विणताना बघायला मिळेल का?" तो म्हणाला, "उद्या सकाळी या. पण फार लवकर नको, थंडीत हात चालत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आम्ही त्याच्याबरोबर एका विणकराच्या घरी गेलो. पुढच्याच खोलीत माग. विणकर दादा खड्ड्यात पाय सोडून बसलेले. चहाच्या पेल्याभोवती हात शेकून घेतले आणि मगच कामाला लागले. त्यांची बायको दारातल्या उन्हात कांड्या भरत होती. रेशीम बेंगळुरूकडचं, जर सुरतेची. एका मोराची मान तयार होत होती, आणि पंधरा-वीस मिनिटांत ती बोटाच्या पेराएवढीसुद्धा वर चढली नाही. मी आवाज न करता बघत राहिले. आदल्या दिवशी ऐकलेली मालेगावची खडखड आठवली. इथं धोट्याचा आवाज मधूनच, आणि पदरावर तर तोही नाही.

हे हिशेबाच्या खात्यातले. त्यांनी विचारलं, "साध्या पदराला किती दिवस?"

"पंधरा-वीस. भरगच्च पदर असला तर महिने जातात."

"आणि नवा ताणा लावायला?"

"त्याचे दिवस वेगळे. एकेक धागा जुन्याला पिळून जोडायचा."

"ते मजुरीत धरतात?"

दादा हसले. "मजुरी साडीवर मिळते, साहेब."

त्यांच्या बायकोनं मान वर न करता म्हटलं, "आणि कांड्या कुठं धरतात?"

बाहेर पडल्यावर टपरीवर चहा घेताना ह्यांनी एस. टी.च्या तिकिटामागे भागाकार मांडला. साडीची मजुरी भागिले दोन माणसांचे दिवस. आकडा आला तो मला दाखवला. मी तो पाहिला आणि म्हटलं, "हा माझ्या ओळखीचा आहे." तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना लगेच कळेल. वर्गात तास घेतला तर पैसे. घरी रात्री तपासलेल्या वह्या, काढलेले पेपर, ते कुणी मोजत नाही. तोही ताणाच की!

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्या वह्या रात्री किती वाजेपर्यंत चालतात?" मी सांगितलं. हे रोज दहाला झोपतात, त्यामुळे माहीत असायचं कारण नव्हतं. त्या टपरीवर आम्ही दुसरा चहा घेतला, मग तिसरा. आईच्या पैठणीचं, तीन वर्षांच्या साठवणीचं, सगळं बोलून झालं. सगळं ऐकून घेऊन ह्यांनी एवढंच म्हटलं, "तुझे पैसे, तू ठरव. फक्त एक कर, घासाघीस नको करू." कोथिंबिरीच्या जुडीला दोन रुपये कमी करायला लावणारा हा माणूस, बरं का!

मी वांगी रंगाची घेतली. नारळी काठ, अंगावर बारीक बुट्ट्या, पदरावर मोजके मोर. बांगडी-मोराचा भरगच्च पदर माझ्या साठवणीत बसणारा नव्हता, त्याची हळहळ थोडी झाली आणि गेली. भाव केला नाही. दुकानदारानं आपण होऊन फॉल-पिको करून दिलं. आणि हो, चिरंजीवांसाठी एक आसारी घेतली. पण घरी आल्यापासून ती त्याच्यापेक्षा त्याच्या बाबांच्याच हातात जास्त असते!

सेमी घेणाऱ्या बाईला नावं ठेवू नका, एवढं मात्र सांगते. ज्याची त्याची ऐपत आणि हौस. सेमी ही सेमी म्हणून, सेमीच्याच भावात घ्यावी. हातमागाच्या नावानं आणि हातमागाच्या भावानं ती गळ्यात पडू नये, म्हणून तर पदर उलटून बघायचा. किमती मी मुद्दाम लिहिलेल्या नाहीत. त्या वर्षागणिक बदलतात आणि पदरावर ठरतात.

जायचं ठरवलंत तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. पहिला दिवस नुसता बघायचा, खरेदी दुसऱ्या दिवशी. रात्र मध्ये गेली की अर्धा मोह आपोआप उतरतो. खर्चाचा आकडा दोघांनी घरूनच ठरवून निघावं. विणकराच्या घरी जायचं तर दुकानदाराला विचारून जावं. काम चालू असताना मागावरच्या रेशमाला हात लावू नये, फोटोही विचारूनच काढावा. संक्रांतीच्या तीन दिवसांत पतंग बघायला जरूर जा, पण तेव्हा गाव गच्चीवर असतं, निवांत दुकानं बघायची तर आधीच जावं.

आणि पैठणी आणलीत तर ती मलमलच्या नाहीतर जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, नेसल्यावर अत्तराचा फवारा मारू नका, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, म्हणजे ती घडीवर विरणार नाही.

येवलंच हवं असं नाही. तुमच्या गावापासून शंभर किलोमीटरच्या आत असं एखादं गाव असेलच. कुठं तांब्या-पितळेची भांडी घडत असतील, कुठं लाकडी खेळणी, कुठं घोंगड्या. थंडी सरायच्या आत एक शनिवार-रविवार काढा. सासूबाईंनी विचारलं, "काय काम काढलंत?" तर बेधडक सांगा, "पेठ बघून येतो!"