बदली

क्रिकेट हा आमच्या घरात करमणुकीपेक्षा भांडणाचा विषय अधिक. त्यातून ऋतुराज गायकवाड म्हणजे घरचाच मुलगा! तो थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडला आणि आम्ही राहतो चिंचवडला. त्यामुळे २०२५ च्या मार्चअखेर गुवाहाटीला तुषार देशपांडेचा चेंडू त्याच्या हातावर बसला, तेव्हा कळ आमच्या दिवाणखान्यात उठली. पुढचे दोन सामने तो तसाच खेळला. शेवटी कोपराच्या हाडाला चीर गेल्याचे निघाले आणि १० एप्रिलला चेन्नईच्या या कर्णधाराची स्पर्धा संपली.

आता त्याच्या जागी कोण?

"बाहेरून कुणीतरी आणायलाच हवा," चिरंजीव म्हणाले.

"का? बाकावर बसलेली पोरं आहेत की! त्यांना आता नाही तर कधी खेळवायचं?"

"बाबा, सामने जिंकायचे असतात. ती काही धर्मशाळा नव्हे."

तेवढ्यात सौभाग्यवतींनी चहा आणला, म्हणून वाद तिथेच राहिला.

चेन्नईने विरारचा आयुष म्हात्रे आणला. वय वर्षे १७! २० एप्रिलला वानखेडेवर त्याने १५ चेंडूंत ३२ धावा काढल्या आणि ३ मे रोजी बंगळूरला ४८ चेंडूंत ९४. तरी तो सामना चेन्नईने २ धावांनी गमावलाच आणि स्पर्धेअखेर संघ तळाला गेला. बदली खेळाडूने संघ तरत नाही, हे माझे म्हणणे खरे ठरले. संघाला एक नवा सलामीवीर सापडला, हे चिरंजीवांचेही खरे ठरले. मग मी २०१८ सालचा दाखला काढला. तेव्हा पुण्याच्या केदार जाधवचा स्नायू पहिल्याच सामन्यात दुखावला. त्याच्या जागी इंग्लंडचा डेव्हिड विली आला आणि चेन्नई विजेती झाली. पण ते विजेतेपद विलीमुळे मिळाले, असे खुद्द विलीही म्हणणार नाही!

मी इतक्या हट्टाने का भांडत होतो? खरे सांगायचे तर त्याचे कारण क्रिकेटमध्ये नव्हते.

पस्तीसेक वर्षांपूर्वी मी भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. पावसात स्कूटर घसरली आणि माझे उजवे मनगट मोडले. दोन महिने हात गळ्यात बांधून मी घरी बसलो. काम अडू नये म्हणून माझ्या मशीनवर लातूरकडचा एक टेंपररी मुलगा लावला गेला.

मी परत गेलो तेव्हा मशीन लखलखत होते. हात पुसायच्या फडक्याचीसुद्धा घडी घातलेली! आणि त्या दोन महिन्यांत माझ्या मशीनवरचे रिजेक्शन कमी झाले होते. साहेबांनी मला बोलावून विचारले, "पोरगा कसा आहे? दुसऱ्या मशीनवर ठेवून घेऊ या का?"

माझा एक शब्द पुरेसा होता. मी म्हणालो, "शिकेल हळूहळू."

आठवड्याने त्याला ब्रेक मिळाला. आमच्या पट्ट्यात या शब्दाचा अर्थ पोरासोरांनाही ठाऊक असतो. वर्षात २४० दिवस भरले की कायद्याने नोकरी सलग धरली जाई. म्हणून ते भरण्याआधीच माणसाला घरी धाडायचे. जाताना तो माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "काका, तुमचं मशीन लई चांगलं होतं."

दुखापत झाल्यावर बाहेरचा माणूस आणावा की नाही? आणावा, काम कुणासाठी थांबत नाही. पण ज्याची जागा घेतली गेली, त्याचे मन तेवढे मोठे लागते. ऋतुराज स्पर्धेबाहेर गेला, तरी आपण संघाबरोबरच राहणार असे त्याने सांगितले. आपल्या जागेवर दुसरा उभा आहे आणि आपण टाळ्या वाजवायच्या, ही काही सोपी गोष्ट नव्हे. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाने ती पत्करली. मी तर तेव्हा त्याच्याहून वयाने मोठा होतो.

मनगटाचे हाड सहा आठवड्यांत जुळले. पाऊस लागला की अजून ते थोडे ठणकते.

परवा चिरंजीवांना म्हणालो, "त्या दिवशी तुझंच बरोबर होतं." ते चकित होऊन माझ्याकडे पाहत राहिले. कारण मात्र मी अजून त्यांना सांगितलेले नाही.