कुडव्याच्या बांधीतून सिल्व्हिया

धान कापून बांधी रिकामी झाली तेव्हा उसनी आणलेली आठ इंची दुर्बीण मी कुडव्याबाहेरच्या शेतात नेली. एका अंगाला गोंदियाचा उजेड आभाळावर चढला होता, म्हणून तिकडे पाठ केली. शोधायची होती 87 सिल्व्हिया. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला हा लघुग्रह, सरासरी सुमारे 270 किलोमीटर व्यासाचा आणि नव्या डांबरासारखा काळा. अंगावर पडलेल्या उन्हातले शंभरात चार-पाच भागच तो परत पाठवतो.

हे वाचून गेलो आणि तिथेच गोंधळलो. काळी वस्तू काळीच दिसणार, असे मनात घट्ट बसले होते. दुर्बिणीत मात्र पांढरे ठिपके, पंधरा-वीस, सगळे सारखे. मोबाइलवरच्या नकाशाशी एकही जुळेना. तासाभराने कळले, या दुर्बिणीत चित्र उलटे दिसते. मोबाइल उलटा धरला तेव्हा तीन ताऱ्यांचा एक त्रिकोण जुळला, पण त्याच्या शेजारी दोन ठिपके होते. यातली ती कोणती? बोटे गारठली होती. दोन्ही ठिपके वहीत मांडले आणि घरी आलो.

"भेटला का गा तुहा गोटा?" आईने विचारले. काय सांगावे, सुचेना.

दुसऱ्या दिवशी वाचत बसलो. सिल्व्हिया सापडली ती भारतातूनच, 16 मे 1866 रोजी, मद्रास वेधशाळेत, नॉर्मन पॉगसन यांना. छायाचित्रावरून लघुग्रह हुडकणे 1891 मध्ये सुरू झाले. त्याआधी आधार फक्त डोळ्याचा आणि नकाशाचा. माझ्या नकाशात तिच्यापुढे 12 ही दृश्यप्रत होती. ते मोजमापही पॉगसन यांनीच 1856 मध्ये पक्के केलेले. नुसत्या डोळ्यांना जेमतेम सहाव्या प्रतीचा तारा दिसतो. बारावी प्रत म्हणजे त्याहून अडीचशे पट मंद. दीडशे वर्षांपूर्वी असा ठिपका नजरेने वेगळा काढणाऱ्या माणसाविषयी मला फार आदर वाटला.

त्या रात्री पुन्हा बांधीत गेलो. त्रिकोण तिथेच होता. एक ठिपका जागचा हलला नव्हता, दुसरा पश्चिमेकडे सरकला होता, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या जवळपास एक तृतीयांश. आतल्या वाटेने धावणारी आपली पृथ्वी सिल्व्हियाला मागे टाकत होती, म्हणून ती तशी सरकलेली दिसली. मी वहीतले चित्र आणि आभाळ आलटून पालटून किती वेळा पाहिले, मोजले नाही.

तिला दोन चंद्र आहेत, रोम्युलस आणि रीमस. पहिला 2001 मध्ये सापडला, दुसरा 2004 मध्ये. ते माझ्या दुर्बिणीच्या आवाक्यातले नाहीत.

तुमच्याही हाती दुर्बीण नवीच आली असेल, तर पहिल्या रात्रीच्या ठिपक्याला नाव देऊ नका. तो वहीत मांडा आणि दुसऱ्या रात्री त्याच धुऱ्यावर परत जा.