हॉटस्पॉट लाव ना बाप्पा!

पूर्वी आमच्या गल्लीत शेजारी विरजण मागायला यायचे. कधी चहापत्ती, अडीअडचणीला सिलिंडर. आता हॉटस्पॉट मागतात. "काहून रे, तुह्यं नेट चालू आहे का? पोरीले जरा लावून दे ना बाप्पा, आमचं आजचं संपलं."

या 'आजचं संपलं'मध्ये सगळं आलं. रोजचा दीड जीबी म्हणजे नवीन रेशन. रात्री बाराला कोटा मिळतो, आणि दुपारीच कोणीतरी क्रिकेट बघून तो उडवला की उरतो ६४ केबीपीएसचा रखडता धागा. त्यावर व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज कसाबसा जातो, फोटो मात्र गोल गोल फिरत बसतो.

मी अचलपूरचा. पुण्यात सांगताना 'परतवाड्याजवळ' म्हणावं लागतं आणि त्यावरही चेहरा कोराच राहिला तर 'चिखलदऱ्याच्या पायथ्याशी'. असो. २०२०च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. लॅपटॉप पाठीला मारून गावी आलो आणि पुढे बराच काळ माझी नोकरी एका फोनच्या जीवावर चालली. म्हणून या वीकांताला त्याच्यावरच लिहितोय.

तसं बघितलं तर हॉटस्पॉट ही साधी गोष्ट आहे. फोन एका हाताने टॉवरकडून नेट घेतो आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं छोटं वायफाय चालवतो. लॅपटॉपला फोनच राउटर वाटतो. बाहेरच्या जगाला मात्र लॅपटॉप दिसतच नाही. वाड्यातल्या सगळ्या भाडेकरूंची पत्रं घरमालकाच्या पत्त्यावर यावीत आणि त्याने ती खोलीखोलीत वाटावीत, तसं फोन करतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१० साली २.२ आवृत्तीसोबत आली, आयफोनमध्ये २०११ला. त्याआधी माझा मामेभाऊ नोकियाला डेटा केबल लावून, पीसी सूट उघडून, एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन यायचा. ते दिवस मी शाळेच्या गणवेशात बाजूला उभं राहून पाहिलेत.

आमचं घर जुनं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, आत उन्हाळ्यातही गारवा. राहायला स्वर्ग आणि नेटला नरक :-) आत फोनवर रेंजची एक कांडी, गच्चीवर चार. पहिले आठ दिवस मी गच्चीवर बसून काम केलं. एप्रिलमध्ये, वऱ्हाडात, गच्चीवर! मग डोक्यात प्रकाश पडला की इथे अंतरं दोन आहेत, टॉवर ते फोन आणि फोन ते लॅपटॉप. माणसाने फोनजवळ बसायची सक्ती नाही. फोन जिथे रेंज आहे तिथे ठेवा, आपण सावलीत बसा. दुसरं अंतर कापायला २.४ गिगाहर्ट्झचा बँड निवडायचा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो, पण आमच्या आजोबांच्या भिंतींपुढे त्याची डाळ शिजत नाही. तर फोन गच्चीकडच्या जिन्याच्या खिडकीत, चार्जरला लावलेला, आणि मी खालच्या खोलीत.

प्रश्न उरला उन्हाचा. फोन तापला की स्वतःच हॉटस्पॉट बंद करतो. आईला दया आली. तिने एका दुपारी तो चांगला स्टीलच्या डब्यात घालून, झाकण लावून, सावलीत ठेवला. तिकडे मी मीटिंगमधून गायब. धातूच्या बंद डब्यातून रेडिओ लहरी जात नाहीत हे आम्हाला कॉलेजात सूत्रांसकट शिकवलं होतं, आईने ते पाच सेकंदांत प्रयोगाने दाखवलं. शेवटी फोनला जागा मिळाली कूलरच्या वाऱ्यात. घरात कूलरचा पहिला मान बाबांचा असतो, तो फोनला गेला. बाबा काही बोलले नाहीत. फक्त "त्याची तब्येत बरी आहे ना?" असं रोज विचारायचे. फोनची!

गल्लीला कळायला वेळ लागला नाही. एकेक करून मुलं जिन्यात येऊन बसू लागली. ऑनलाइन शाळा सुरू झाली होती, घरात फोन एक आणि मुलं तीन. आता गणित असं की पाच जण जोडले म्हणून नेट पाचपट होत नाही. आमच्या गावाला हे समजावून सांगावं लागू नये. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर धावणारी शकुंतला आम्ही बघितलीय, रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. डबे कितीही जोडा, रूळ तेवढाच. (काही वर्षांपासून ती पण बंदच आहे.)

मग मी नियम केले. लॅपटॉपवर हे कनेक्शन 'मीटर्ड' म्हणून नोंदवायचं, नाहीतर विंडोज आपला अपडेट त्यातच उतरवून घेतं आणि सकाळी दहालाच कोटा संपतो. फोटोंचा बॅकअप बंद. मुलांनी यूट्यूब बघायचं तर १४४पी. पासवर्ड रविवारी बदलायचा, कारण तो शुक्रवारपर्यंत तीन गल्ल्या पलीकडे पोचलेला असायचा.

पण नियमांचा खरा कस लागला तो एका संध्याकाळी. गल्लीतल्या एका मुलीचा इंजिनिअरिंग प्रवेशाचा पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस. दुपारपासून लाइट गेलेली, सायबर कॅफे बंद. माझ्याकडे चारशे एमबी उरलेले आणि तासाभरात क्लायंटसमोर डेमो. काकू दारात उभ्या, "तुले काम असीन तर राहू दे," म्हणत होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या. मी तिला जोडून दिलं आणि मॅनेजरला कळवलं की आज कॅमेरा बंद राहील. व्हिडिओ मीटिंग तासाला अर्धा-एक जीबी सहज खाते. तिचं काम झाल्यावर मी आकडा पाहिला. कॉलेजांचे कोड शोधणं, फॉर्म, सगळं मिळून तीस एमबीच्या आत. एका मुलीची चार वर्षं तीस एमबीत बसली, आणि आम्ही ऑफिसात एकमेकांचे चेहरे बघण्यात रोज एक जीबी घालवतो! मॅनेजर थोडा नाराज होता. डेमो आवाजावर निभावला.

मोबाइल कंपन्यांनाही हे वाटून खाणं फारसं आवडत नाही. प्रत्येक डेटा पॅकेटवर एक आकडा असतो, वाटेतल्या प्रत्येक राउटरला तो एकाने कमी होतो. फोनचा स्वतःचा सहसा ६४पासून सुरू होतो, विंडोजचा १२८. कंपनीला ६३ किंवा १२७ दिसला की कळतं, मागे कोणीतरी बसलंय. अमेरिकेत हॉटस्पॉटचे वेगळे पैसे घ्यायचे. तिथे व्हेरायझनने टेदरिंगची अ‍ॅप्स अडवल्याच्या प्रकरणात २०१२मध्ये साडेबारा लाख डॉलर भरून तडजोड केली. जिओ २०१६च्या सप्टेंबरमध्ये आलं आणि आपल्याकडे डेटाच इतका स्वस्त झाला की गल्लीभर वाटायची ऐपत आली.

अर्थात वाटायला आधी काहीतरी यावं लागतं. परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याला लागलं, की सेमाडोहच्या आसपास फोनमधल्या कांड्या एकेक करून विझतात. त्याच रस्त्यावर हरिसाल आहे. २०१६मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने 'डिजिटल गाव' म्हणून निवडलेलं. टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या लहरींवरून नेट पोचवायची कल्पना होती आणि तांत्रिकदृष्ट्या मला ती आजही आवडते, कारण त्या लहरी झाडाझुडपांतून लांब जातात. २०१९च्या निवडणुकीत राज ठाकरेंनी सभेत हरिसालचाच व्हिडिओ लावून तिथल्या दाव्यांवर प्रश्न विचारले, तेव्हा ते नाव महाराष्ट्रभर झालं. माझा एक मित्र मेळघाटात शिक्षक आहे. तो हजेरीची माहिती भरायला दुचाकीने एका ठरावीक वळणापर्यंत येतो. तिथे हॉटस्पॉट लावतो, आणि मागून आलेले आणखी दोन गुरुजी त्यावर आपापली माहिती भरून घेतात.

आमच्या घरी आता फायबर आलंय. लाइट गेली की ते जातं, आणि जिन्यातला जुना फोन पुन्हा कामाला लागतो. कंपनीचं पत्रही आलंय, पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस पुण्याच्या ऑफिसात. दोन दिवसांसाठी अचलपूरला ये-जा होत नसते, म्हणजे मुक्काम हलणार. लॅपटॉप माझ्याबरोबर जाईल, जुना फोन इथेच खिडकीत राहील. बाबांनी हॉटस्पॉट चालू-बंद करणं शिकून घेतलंय.

"तू गेल्यावर पासवर्ड तोच ठेवू ना? पोराईले पाठ आहे," त्यांनी काल विचारलं.

तोच ठेवा म्हटलं. रिचार्जचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो, ते तेवढं मी पुण्याहून मारत जाईन.