टीटीएमएम आणि मधली हॉटेलं

रविवारी रात्री पुण्यातल्या बहुतेक मेस बंद असतात. दुपारी फीस्ट असते, म्हणजे पुरी, मसालेभात, एखादा गोड पदार्थ. रात्रीचं ज्याचं त्याने बघायचं. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणाऱ्या पोरांना हे वेळापत्रक पाठ असतं. माझ्या सगळ्यात जुन्या मित्रालाही आहे. इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर बसायचो. नंतर मी कंपनीत गेलो, तो अभ्यासिकेत. त्यामुळे आमची भेट रविवारी रात्री, जेवायला. फक्त कुठे, हे ठरवणं दिसतं तेवढं सोपं नाही.

‘चल, मी देतो’ हे एकदा चालतं. दुसऱ्यांदा तो नुसता हसतो. तिसऱ्या रविवारी नेमकी त्याची टेस्ट सिरीज असते. म्हणून आमच्यात नियम आहे टीटीएमएमचा. तुझं तू, माझं मी. ऐकायला कोरडा वाटतो, पण चार वर्षं आमची मैत्री याच नियमावर चालली आहे. त्याची मेस महिन्याला ३,००० रुपये, दोन वेळचं जेवण. म्हणजे दिवसाला १००. हा आकडा डोक्यात ठेवून पुण्यातली हॉटेलं बघितली, की त्यांच्याबद्दलची मतं जरा वेगळी होतात. चव, सर्व्हिस, अँबियन्स सगळं नंतर. आधी हे, की बिल आल्यावर दोघांचेही हात सारख्याच सहजपणे खिशाकडे जातील का?

सगळ्यात खालच्या पायरीवर अमृततुल्य. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात रुजवलेला चहा. पितळी पातेलं, वेलची, आलं, फडक्यातून गाळलेला, साखर तुम्हाला न विचारता घातलेली. इथे पैशाचा प्रश्नच येत नाही. पण वेळेचा येतो. कप रिकामा झाला, की तिथे थांबायला काही कारण उरत नाही. ‘प्रिलिमचं काय झालं?’ हे उभ्याने विचारता येतं, पण त्याचं उत्तर उभ्याने देता येत नाही.

मिसळीचंही तसंच. नारायण पेठेतल्या बेडेकरांकडे पावाऐवजी स्लाइस ब्रेड मिळतो आणि रस्सा जरा गोडसर असतो. कोल्हापूरच्या लोकांना ती मिसळच वाटत नाही. मला आवडते. झणझणीत हवी असेल तर कर्वे रस्त्याजवळची काटाकिर्र. दोन्हीकडे पोट भरतं आणि खिसाही शाबूत राहतो. पण मिसळ ही मुळात सकाळची गोष्ट, शिवाय मागे रांगेतले लोक तुमच्या वाटीकडे बघत असतात. अशा नजरांसमोर कोणी मनातलं बोलत नाही.

आता थेट वरच्या पायरीवर जातो. टीम लंचला कंपनीने एका पंचतारांकित हॉटेलात नेलं होतं. महागड्या हॉटेलात सगळा दिखावाच असतो, हे आपलं लाडकं मत मला पटत नाही. तिथली काळी डाळ मी अजून विसरलेलो नाही. खुर्ची अशी की पाठ दुखत नाही, आवाज इतका बेताचा की समोरच्याचं सगळं ऐकू येतं, आणि कोणी उठवत नाही. पण बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, ‘सर, पाणी रेग्युलर की बॉटल्ड?’ प्रश्न साधा आहे. मात्र ज्याला ‘रेग्युलर’ म्हणताना क्षणभर अडखळायला होतं, त्याच्यासाठी जेवण तिथेच संपतं.

शिवाय टॅक्स. साध्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी ५ टक्के लागतो. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के. म्हणजे ५,००० च्या बिलावर नुसता कर ९०० रुपये. माझ्या मित्राची मेस नऊ दिवस चालेल इतका.

या दोन टोकांच्या मध्ये माझी खरी आवडती हॉटेलं आहेत. डेक्कनचं गुडलक १९३५ पासून आहे. त्याच्या नावाने अख्खा चौक ओळखला जातो. इराणी हॉटेलचा मोठेपणा मला मेन्यूत दिसतो. त्याच टेबलावर एक जण बन मस्का आणि चहावर भागवू शकतो आणि दुसरा खिमा मागवू शकतो, आणि यात कोणालाच काही वावगं वाटत नाही. आमच्यात कोण काय मागवणार हे महिन्याच्या तारखेवर ठरतं. बन मस्का मागवणारा गरीब दिसत नाही, कारण शेजारच्या टेबलावर गाडीची किल्ली ठेवून बसलेले काकाही तेच खात असतात.

उडुपी हॉटेलांनी हेच शाकाहारी लोकांसाठी केलं. फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीचं एसपीडीपी प्रसिद्ध आहे, आणि तिथली गर्दीही. खाणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून तो कधी उठतोय याची वाट बघणारी माणसं मला अजिबात सहन होत नाहीत. म्हणून आम्ही बऱ्याचदा त्याच रस्त्यावरच्या रूपालीत जातो. एक डोसा, एक इडली, दोन फिल्टर कॉफी, मग अजून एक कॉफी. त्या दुसऱ्या कॉफीत खरं बोलणं होतं. दोन मार्कांनी गेलेली मेन्स, घरून येणारे पैसे, ‘हे शेवटचं वर्ष’ असं त्याने घरी सांगून टाकलंय ही बातमी, सगळं मला दुसऱ्या कॉफीवर कळलेलं आहे.

अशी हॉटेलं आता कमी होत चालली आहेत असं मला वाटतं. नवीन जे उघडतं ते एक तर उभ्याने खायचं असतं, नाही तर ‘टू फॉर टू थाउजंड’. एकीकडे बसायला जागा नाही, दुसरीकडे बसायला हिंमत लागते. माझा पगार वाढला तसा मीही दुसऱ्या बाजूला सरकू शकलो असतो. कोरेगाव पार्कात छान खायला मिळतं, आणि ऑफिसच्या लोकांबरोबर मी तिथे जातोच. पण तिथे माझ्याबरोबर फक्त माझ्याएवढ्या पगाराचेच लोक असतात. सगळे एकाच कंपन्यांबद्दल, एकाच ईएमआयबद्दल बोलतात. जेवण चांगलं असतं, गप्पा मात्र ऑफिसच्या कॅन्टीनमधल्याच.

एक फुकटचा सल्ला देतो. तुमच्याही ग्रुपवर हॉटेल ठरवायला पोल टाकला जात असेल. चार पर्याय, भराभर मतं पडतात, एक जण कशालाच मत देत नाही. शेवटी ‘तुम्ही या जाऊन, मला जरा काम आहे’ असा मेसेज येतो. त्याला फोन करून ‘तू सांग कुठे जायचं’ असं विचारा. तो सांगेल ते हॉटेल कदाचित साधं असेल, पंखा कुरकुरत असेल, टेबल एकाच फडक्याने पुसत असतील. जा तिथे. आणि एक कॉफी जास्तीची मागवा.