रस्त्याच्या पलीकडून

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म 1915 चा, पंढरपूरचा. पण ते वाढले आमच्या इंदुरात. आई तान्हेपणीच गेली. आजोबा पत्र्याचे कंदील घडवत, दुरुस्त करत. तो कंदील पुढे जन्मभर हुसेनच्या चित्रांत येत राहिला.

इंदुरात तेव्हा दत्तात्रय दामोदर देवळालीकर होते. 1927 मध्ये त्यांनी इथे चित्रकलेची शाळा काढली. नारायण श्रीधर बेंद्रे तिथले, विष्णू चिंचाळकर गुरुजी तिथले, डी. जे. जोशी तिथले, आणि हुसेनही काही काळ तिथेच शिकले. एका संस्थानी गावातल्या एका मराठी मास्तरांच्या हाताखालून इतकी माणसं घडावीत, याचा मला अजूनही अचंबा वाटतो आणि अभिमानही. शाळेची मुलं रंगपेटी घेऊन बाहेर पडत. घाट, गल्ल्या, बाजार, दुपारचं माळव्याचं ऊन, सगळं उघड्यावर बसून रंगवायचं. त्यामुळे भोवती जमलेल्या बघ्यांचीही या मुलांना सवय झाली असणार.

मुंबईला गेल्यावर हुसेनना चौरस फुटाला चार-सहा आणे मिळायचे. काम सिनेमाची पोस्टरं रंगवायचं, जागा फूटपाथची. कधी वितरक पैसे बुडवायचा. चार पैसे साठले की ते सुरत, बडोदा, अहमदाबाद गाठून निसर्गचित्रं करत. मग खेळण्यांच्या कारखान्यात नोकरी, 1947 मध्ये चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये प्रवेश, 1955 मध्ये ‘ज़मीन’ या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

ही गोष्ट एरवी जशी सांगितली जाते ती मला पटत नाही. बिचाऱ्याला पोटासाठी पोस्टरं रंगवावी लागली, पण अंगात कला होती म्हणून शेवटी वर आला, असा तिचा सूर असतो. म्हणजे फूटपाथ खाली आणि गॅलरी वर. मला वाटतं, हुसेनचा हात तयार झाला तो फूटपाथवरच. वीस-तीस फुटांचा चेहरा मनगटाने निघत नाही, तिथे रेघ खांद्यातून यावी लागते. रंगवणारा कापडाला नाक लावून उभा, त्याला दिसतो फक्त एक गाल किंवा भुवईचा काळा पट्टा, आणि तरी अख्खा चेहरा डोक्यात पक्का हवा. बघणारा चालत्या ट्राममधून बघणार, त्याच्याकडे दोन क्षण. खाडाखोड करत बसायला वेळ नाही. आता हुसेनच्या घोड्यांच्या माना बघा. एका दमात ओढलेली ती रेघ मला त्या पोस्टरांचीच लेक वाटते.

1954 चं त्यांचं ‘ग्राम यात्रा’ हे चित्र जवळजवळ 14 फूट लांब आहे. खेड्यातल्या जगण्याचे तेरा प्रसंग त्यात शेजारी शेजारी मांडलेत. कितीतरी वर्षं ते नॉर्वेतल्या एका इस्पितळात होतं. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते 1 कोटी 37 लाख डॉलरवर गेलं, म्हणजे सुमारे 118 कोटी रुपये. बातम्या आकड्याच्याच झाल्या. मला त्या चित्राची लांबी जास्त बोलकी वाटते. ते एका जागी उभं राहून संपत नाही, त्याच्या कडेने चालत जावं लागतं, बाजारातल्या लांब भिंतीच्या कडेने जावं तसं.

नव्या पलासियात ‘छप्पन दुकान’जवळून जाताना अशा भिंती रोज लागतात. इंदूर 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येऊ लागलं, त्या सुमारास शहराच्या भिंतींवरच्या जाहिराती आणि निवडणुकीच्या घोषणा पुसल्या जाऊन तिथे चित्रं आली. एकदा एक पोरगा काम करताना बराच वेळ पाहिला. गेरूत भिजवलेली सुतळी दोघांनी ताणून धरली, मधोमध चिमटीत उचलून सोडली की भिंतीवर सरळ लाल रेघ. अशा चौकटी पाडून झाल्यावर तो बांबूच्या काठीला बांधलेला ब्रश घेऊन परांचीवर चढला. दर थोड्या वेळाने उतरायचा, गाड्या चुकवत रस्ता ओलांडायचा, पलीकडून डोळे बारीक करून बघायचा आणि परत यायचा. मी जवळ जाऊन बघत होतो, तर म्हणाला, ‘‘पास से नहीं भिया, रोड के उस पार से देखो.’’ पलीकडे गेलो. मघाशी जे नुसते ओघळ वाटत होते, ती पाणी भरणारी बाई होती, आणि तिच्या कमरेला नेमका तेवढाच बाक होता जेवढा भरल्या घागरीने येतो.

भिंत रंगवणाऱ्याच्या नावाचंच बघा. न्यूयॉर्कमध्ये 1970 च्या दशकाअखेर चित्रकार जाँ-मिशेल बास्किया भिंतींवर ‘सामो’ या नावाने लिहायचा. 2017 मध्ये त्याचं एक चित्र 11 कोटी डॉलरवर गेलं. तिथल्या भिंतीवरच्या मुलांची सुरुवातच स्वतःचं नाव लिहिण्यापासून झाली, मग ते नाव खोटं का असेना. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर, ट्रकच्या मागे कोपऱ्यात पेंटरचं नाव असायचं, पण मोठ्या पोस्टरवर हाताखालच्या पोराचं नाव कुठेच नसे. हुसेननी रंगवलेली पोस्टरं पावसाने धुतली, फाटली, त्यांच्यावर दुसरे सिनेमे चढले.

नाव झाल्यावरही गावाने त्यांना नीट वागवलं नाही, याची मला खंत आहे. त्यांच्या चित्रांविरुद्ध ठिकठिकाणी खटले झाले, त्यांत पंढरपूर होतं आणि इंदूरही होतं. जन्माचं गाव आणि वाढण्याचं गाव, दोन्ही. 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते खटले रद्द केले, पण तोवर म्हातारा देशाबाहेर गेला होता. 2011 मध्ये लंडनला वारला आणि इंग्लंडातच पुरला गेला.

त्यांच्यासाठी आता काही करता येणार नाही. पण परांचीवरच्या पोरासाठी येईल. कंत्राटाच्या कागदात एक ओळ घालायला पैसे लागत नाहीत: ज्याने रंगवलं त्याचं नाव भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात, आणि साल. महापालिकेचं बोधचिन्ह तिथे आहेच, त्याच्या शेजारी वीतभर जागा मोकळी असते.