काता उरला, वाळू गेली

ओकिनावाचं कराटे जगात गल्लोगल्ली पोचलं. ते जिथे वाढलं तिथलं काय काय गेलं आणि काय जायच्या वाटेवर आहे, त्याची ही त्रोटक यादी. क्रम लावलेला नाही.

वाळू. ओकिनावाच्या कोळ्यांचं वल्हं, एकु, हे तिथे हत्यार म्हणूनही शिकवतात. त्सुकेन या चिमुकल्या बेटाच्या नावाचा एक काता, म्हणजे ठरीव हालचालींचा क्रम, आहे. त्यात मध्येच वल्ह्याचं पातं खाली जातं, जमिनीलगत सरकतं आणि झटक्यात वर उसळतं. समोरच्याच्या डोळ्यांत वाळू फेकायची आणि तो डोळे चोळेपर्यंत त्याच वल्ह्याचा घाव घालायचा. शिष्टाचाराचं नाव नाही, किनाऱ्यावरच्या माणसाची रोकडी युक्ती. आज हा काता व्यायामशाळेच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर होतो. झटका तोच, पात्याचा कोन तोच, उडत मात्र काहीच नाही. परीक्षक गुण देतात, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. वाळूत पाय रुतत असताना हा झटका मारायला कंबर किती लागते, ते तिथे कुणाला कळायचं नाही.

साबानी. हे वल्हं ज्या लाकडी होडीचं, ती. इतोमानचे कोळी तीत बसून दूरच्या समुद्रात जात. इंजिनं आली, मग फायबरच्या होड्या आल्या. साबानी आता मुख्यतः शर्यतींत दिसते.

कासवाची पाठ. तिन्बे म्हणजे ढाल, रोचिन म्हणजे तिच्याआडून खुपसायचा आखूड भाला. ढाल समुद्री कासवाच्या पाठीची असे. आता कासवांना कायद्याचं संरक्षण आहे, ढाली धातूच्या नाहीतर वेलींच्या विणलेल्या असतात. यादीतल्या या एका नोंदीबद्दल हळहळ नाही.

अंधार. कराटेची विद्या रात्री, गुरूच्या परसात, गुपचूप शिकवली जाई. पुढे गुरू झालेले फुनाकोशी गिचिन तरुणपणी कंदील घेऊन आपले गुरू आझातो यांच्या घरी जात. एकेका कात्यावर तीन-तीन वर्षं घासायची रीत होती. 1901 मध्ये इतोसु आंको या गुरूंनी ही विद्या शुरी या जुन्या राजधानीच्या प्राथमिक शाळेत नेली. पोरांना झेपतील असे पाच छोटे काता बसवले, त्यांना पिनान म्हणतात. रांगा आल्या, हुकूम आले, दिवसाढवळ्या कवायत सुरू झाली. जुनी खोड असलेले लोक अजून याला नाकं मुरडतात. मला हा सौदा वाईट वाटत नाही. चार घरांतली विद्या 1945 मध्ये त्या घरांबरोबरच गेली असती.

कारण घरं गेलीच. 10 ऑक्टोबर 1944 च्या अमेरिकी हवाई हल्ल्यात नाहा शहराचा बहुतेक भाग जळाला. त्यातच त्सुजी ही रंगेल वस्ती होती. मोतोबु चोकी हे कराटेपटू तरुणपणी रात्री तिथे जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याला आव्हान देत, असं सांगतात. पुढच्या वसंतात बेटावर लढाई उतरली. शुरीच्या किल्ल्याखाली जपानी लष्कराने मुख्यालय खोदलं होतं, त्यामुळे किल्ला तोफांखाली भुईसपाट झाला. बेटावरच्या नागरिकांपैकी अंदाजे चौथा हिस्सा मेला. कराटेचे गुरू मियागी चोजुन आपली परंपरा ज्यांच्या हाती देतील असं सगळे धरून चालले होते, ते शिंझातो जिन्आन त्यातच गेले. किल्ला 1992 मध्ये पुन्हा उभा केला, 2019 च्या ऑक्टोबरात तोही जळाला, पुन्हा बांधकाम सुरू झालं. किल्ला बांधता येतो. शिंझातोंच्या अंगात काय होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

बुचडा. 1879 मध्ये जपानने ओकिनावातलं र्‍युक्यूचं राज्य खालसा केलं, राजा शो ताई याला टोकियोला नेलं. पुरुषांच्या डोक्यावरचा बुचडा आणि त्यात खोवलेला आकडा हळूहळू गेला. फुनाकोशींनी मास्तरकीसाठी तो कापला तेव्हा आईबाप खवळले होते.

हाजिची. बायकांच्या हातांवरचं निळसर गोंदण. 1899 मध्ये बंदी. गोंदलेल्या हातांची शेवटची पिढी गेली. अलीकडे काही तरुणी ते पुन्हा काढून घेताहेत.

भाषा. शाळेत मूल बेटाची बोली बोललं की त्याच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत, तिचं नाव होगेनफुदा. दुसरं कुणी चुकेपर्यंत ती गळ्यातच, म्हणून पोरं एकमेकांच्या जिभेवर पाळत ठेवत. 1945 मध्ये तर लष्कराने फर्मान काढलं, की ही बोली बोलणाऱ्याला हेर समजलं जाईल. 2009 मध्ये युनेस्कोने र्‍युक्यू बेटांवरच्या सहा भाषा संकटग्रस्त म्हणून नोंदवल्या. कराटेच्या आखाड्यातही मोजणी इचि, नी, सान अशी जपानीतच होते. तीइची, ताची, मीइची म्हणणारे म्हातारे राहिले.

भाताचा पेंढा. माकिवारा म्हणजे जमिनीत पुरलेली लवचीक फळी. ठोसा बसतो तिथे पेंढ्याची दोरी गुंडाळायची. मुठीची कातडी सोलून निघायची ती या दोरीने. बेटावरची बरीचशी भातशेती 1960 च्या दशकात उसाखाली गेली. आता कातड्याच्या, रबराच्या गाद्या विकत मिळतात.

शेतकरी. शेतकऱ्यांनी अवजारं परजून सामुराईंना झोडपलं, ही गोष्ट पर्यटकांना फार आवडते. जुन्या गुरूंची जी नावं मिळतात ती मात्र बरीचशी शुरीच्या दरबारी मानकऱ्यांची आहेत. ही कथा खरं तर या यादीत यायला नको, ती काही मरत नाही.

नावं. फुनाकोशी 1922 मध्ये टोकियोला गेले आणि मुख्य भूमीच्या कानाला रुचावं म्हणून कात्यांची नावं बदलत गेले. नाइहांचीचा तेक्की झाला, कुशांकुचा कांकु आणि पिनानचा हेयान. महाराष्ट्रात शोतोकान या त्यांच्या शैलीच्या वर्गांत मुलं हेयानच म्हणतात.

ऑलिंपिक. टोकियोत, 2021 मध्ये, ओकिनावाच्या कियुना र्‍यो यांनी कात्याचं सुवर्णपदक घेतलं. पॅरिसला 2024 मध्ये कराटेच नव्हतं.

घरातलं कुणी पहिला पट्टा बांधून हेयान घोटत असेल, तर त्याला एवढं जरूर सांगा: याचं मूळ नाव पिनान, आणि तो बसवणाऱ्या मास्तरांचं नाव इतोसु आंको.